दाचिंगची चार वर्षं: रोजच्या पथ्याचा तीस वर्षांचा हिशेब

साखरेच्या तपासणीत दोन तासांनंतरचा आकडा १५० किंवा १६० आला की फॅमिली डॉक्टर बहुधा एवढंच म्हणतात, "अजून डायबेटिस नाही, पण बॉर्डरवर आहात. गोड कमी करा, चालायला लागा." पेशंट मान डोलावतो, नव्याचे नऊ दिवस चालतो आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच वाक्य ऐकून येतो. किती चालायचं, किती वर्षं चालायचं आणि त्या बदल्यात पदरात नेमकं काय पडणार, हे तीन प्रश्न तो विचारत नाही. विचारले तरी दवाखान्यातल्या पाच मिनिटांत त्यांची उत्तरं मावत नाहीत.

या तिन्ही प्रश्नांचा माग सर्वांत लांबपर्यंत काढला गेला तो चीनच्या ईशान्येकडच्या दाचिंग शहरात. १९८६ मध्ये तिथे ५७७ माणसांना घेऊन एक प्रयोग सुरू झाला. त्यातला पथ्य-व्यायामाचा भाग १९९२ मध्ये संपला, पण त्या माणसांचं पुढे काय झालं याची विचारपूस तीस वर्षांपर्यंत चालू राहिली. रोजच्या काळजीचं फळ एवढ्या लांबून दाखवणारी उदाहरणं वैद्यकात मोजकीच आहेत. म्हणून हे एकच प्रकरण इथे सविस्तर पाहू.

शहर आणि माणसं

दाचिंग हे तेलाचं शहर. हेइलोंगजियांग प्रांतात १९५९ मध्ये तेल सापडलं आणि ओसाड माळावर वस्ती उभी राहिली. हिवाळा हाडं गोठवणारा, पारा शून्याखाली वीस अंशांच्याही खाली जाणारा. ऐंशीच्या दशकात तिथल्या बहुतेकांची नोकरी, घर आणि दवाखाना एकाच सरकारी व्यवस्थेत बांधलेले होते. माणूस आज इथे, उद्या तिथे असा प्रकार कमी. पुढे तीस वर्षं माणसं सापडत राहिली त्यामागे ही गोष्ट नक्कीच होती, आणि ती विसरून या प्रयोगाचं कौतुक करणं बरोबर नाही.

डॉ. पॅन शियाओरेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शहरातल्या ३३ दवाखान्यांमार्फत १,१०,६६० लोकांची साखर तपासली. आधी न्याहारीनंतर दोन तासांनी रक्त घेतलं. ज्यांचा आकडा संशयास्पद होता त्यांना ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजून पुन्हा तपासलं. दोन तासांनंतरची साखर १४० ते १९९ मिलिग्रॅमच्या दरम्यान, म्हणजे ना धड नॉर्मल ना धड डायबेटिस, अशी ५७७ माणसं प्रयोगात आली. सरासरी वय पंचेचाळिशीच्या आसपास. आपल्याकडे ज्याला 'बॉर्डरलाइन' म्हणतात तीच ही मंडळी.

या माणसांची चिठ्ठ्या टाकून वाटणी केली नाही. वाटणी केली ती दवाखान्यांची. काही दवाखान्यांनी फक्त आहार सांगायचा, काहींनी फक्त व्यायाम, काहींनी दोन्ही, आणि उरलेल्यांनी नेहमीचा सर्वसाधारण सल्ला द्यायचा. हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. एकाच दवाखान्यातल्या दोघा शेजाऱ्यांपैकी एकाला "रोज चाला" सांगितलं आणि दुसऱ्याला काहीच नाही, तर आठवड्याभरात दोघं बरोबर चालताना दिसतील. सवय एकट्याच्या डोक्यात राहत नाही, ती जिन्यात, बाजारात, कामाच्या जागी पसरते. प्रयोग बिघडू नये म्हणून केलेल्या या आखणीत सवय कशी रुजते याचीही कबुली आहे.

एक युनिट म्हणजे किती

या प्रयोगातली माझी सर्वांत आवडती गोष्ट म्हणजे व्यायामाचं कोष्टक. 'व्यायाम करा' असं मोघम न सांगता त्यांनी व्यायामाचं एक युनिट ठरवलं. सावकाश चालणं, बाजारहाट किंवा घराची झाडलोट असेल तर ३० मिनिटांचं एक युनिट. झपझप चालणं, सायकल, जड कपडे हातांनी धुणं असेल तर २० मिनिटांत एक. हळू पळणं, जिने चढणं, व्हॉलीबॉल, टेबल टेनिस असेल तर १० मिनिटांत. दोरीवरच्या उड्या, बास्केटबॉल, पोहणं असेल तर ५ मिनिटांतच एक युनिट पुरं. दहा मिनिटांच्या रांगेत 'ज्येष्ठांचा डिस्को' हाही प्रकार होता. चीनमधल्या चौकाचौकांत सकाळ-संध्याकाळ नाचणारे आजी-आजोबा ज्यांनी पाहिलेत त्यांना याचं नवल वाटणार नाही.

आणि सांगितलं काय? दिवसाला एक युनिट वाढवा. पन्नाशीच्या आत असाल आणि हृदयाचं किंवा सांध्यांचं दुखणं नसेल तर दोन. बस, एवढंच.

यात 'वाढवा' हा शब्द नजरेआड करून चालणार नाही. आपल्याकडे कुठल्याही आहारतज्ज्ञाला रोज ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे, "अहो, मी दिवसभर उभीच असते, घरातलं सगळं मीच करते, आणखी वेगळा व्यायाम कशाला?" तक्रार खरी असते, कष्टही खरे असतात. पण ज्या कामासकट तिची साखर १५५ झाली, ते काम मोजणीत आधीच धरलेलं आहे. दाचिंगचा हिशेब त्याच्या पुढे सुरू होतो. गॅसपाशी उभं राहण्याचे तीन तास हे कालचंच खातं. मंडईतून दोन पिशव्या घेऊन रिक्षाऐवजी चालत आली, तर ते आजचं युनिट. मात्र झाडलोट, कपडे धुणं हेही याच कोष्टकात होतं. तेव्हा घरकाम म्हणजे हालचाल नव्हे असं शहाजोगपणे सांगणाऱ्यांचीही बाजू इथे पडते. आजवर दुसरं कोणी करत असलेलं फरशी पुसण्याचं काम घरातल्या बॉर्डरलाइन पुरुषाने अंगावर घेतलं तर त्याचं युनिट रीतसर भरतं. कोष्टकात तशी सोय आहे, घरात आहे का ते ज्याचं त्याने पाहावं.

आहाराचे नियमही असेच सौम्य होते. ज्यांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन दाखवणारा आकडा, २५ च्या खाली होता त्यांना वजन उतरवायला सांगितलंच नाही. दर किलो वजनामागे २५ ते ३० कॅलरी, त्यातल्या ५५ ते ६५ टक्के पिष्टमय पदार्थांतून. म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला १५०० ते १८०० कॅलरी. भाज्या वाढवायच्या, दारूला आवर घालायचा, साखर कमी करायची. भात बंद, पोळी बंद असला फतवा नव्हता. बीएमआय २५ किंवा त्याहून जास्त असलेल्यांनी महिन्याला अर्धा ते एक किलो वजन कमी करायचं, बीएमआय २३ होईपर्यंत. महिन्याला अर्धा किलो! 'एका महिन्यात दहा किलो' असं ओरडणाऱ्या जाहिरातींच्या जमान्यात हा आकडा चेष्टेचा वाटेल. पण सहा वर्षं टिकवायची गोष्ट अशीच आखावी लागते. आरंभशूरांसाठी ती आखलेलीच नव्हती.

सहा वर्षांनी

१९९२ मध्ये मोजदाद झाली, १९९७ मध्ये निष्कर्ष छापून आले. नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्यांपैकी ६७.७ टक्के लोकांना तोवर डायबेटिस झाला होता. आहाराच्या गटात ४३.८ टक्के, व्यायामाच्या गटात ४१.१, आणि दोन्ही करणाऱ्या गटात ४६. हडकुळे असोत की वजनदार, फायदा दोघांनाही झाला.

शेवटचा आकडा बघून कपाळाला आठी पडते. दोन्ही करणाऱ्यांना दुप्पट फायदा व्हायला हवा होता, तो झाला नाही. गट लहान होते आणि सुरुवातीच्या वजनात-साखरेत थोडा फरक होता, त्यामुळे तीन गटांमधल्या तफावतीवर फार इमले बांधू नयेत. मला त्यातून एवढंच दिसतं की यातलं कुठलंही एक नीट धरलं तरी माणूस बराच पुढे जातो. सगळं एकदम सुधारायला निघालेल्याला हे ऐकून हायसं वाटायला हरकत नाही.

इथे प्रयोग संपला. सहभागी लोकांना निकाल कळवले गेले आणि सगळे आपापल्या नेहमीच्या उपचारांकडे परतले. एखाद्या दिवाळी अंकातला लेख असता तर इथेच "आणि ते निरोगी राहिले" असं लिहून मोकळं होता आलं असतं.

वीस, तेवीस, तीस

वीस वर्षांनी, २००६ मध्ये, डॉ. ली ग्वांगवेई आणि सहकाऱ्यांनी ही माणसं पुन्हा शोधून काढली. नेहमीच्या सल्ल्याच्या गटात तोवर ९३ टक्क्यांना डायबेटिस झालेला होता. आहार-व्यायामाच्या गटांत ८० टक्क्यांना.

हा आकडा मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण आरोग्यावर लिहिताना तो बहुतेक वेळा गिळला जातो. सहा वर्षं इमानेइतबारे पथ्य पाळलेल्या दहा माणसांपैकी आठांना शेवटी डायबेटिस झालाच. "रोज चाला, डायबेटिस होणार नाही" हे वचन खोटं आहे. ते देणाऱ्या डॉक्टरवरचा पेशंटचा विश्वास एक दिवस उडतो. "एवढं करूनही झालाच ना?" असं म्हणून माणूस चालणंही सोडतो आणि गोळ्यांकडेही दुर्लक्ष करतो.

मग मिळालं काय? मिळाला वेळ. तीस वर्षांनंतरच्या पाहणीत, जी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली, आहार-व्यायामाच्या गटांत डायबेटिस सरासरी ३.९६ वर्षं उशिरा आल्याचं दिसलं. जवळजवळ चार वर्षं. आणि त्या उशिराच्या पोटी बाकीचं सगळं आलं: हृदयविकार आणि पक्षाघाताच्या घटना २६ टक्क्यांनी कमी, डोळे-मूत्रपिंड-नसा यांच्या गुंतागुंती ३५ टक्क्यांनी कमी, हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू ३३ टक्क्यांनी कमी, एकूण मृत्यू २६ टक्क्यांनी कमी. आयुर्मान सरासरी १.४४ वर्षांनी वाढलं. त्याआधी, वीस वर्षांच्या टप्प्यावर, डोळ्यांच्या पडद्याचा गंभीर आजार ४७ टक्क्यांनी कमी आढळला होता.

चार वर्षं ऐकायला किरकोळ वाटतात. पण सत्तेचाळिसाव्या वर्षी येणारा आजार एक्कावन्नाव्या वर्षी आला, तर मधल्या काळात काय काय होतं ते घरोघरी माहीत असतं. मुलांचं शिक्षण उरकतं, घराचे हप्ते सरत येतात. शरीराचा हिशेब त्याहून मोठा. साखरेने डोळ्यांची, किडनीची, पावलांच्या नसांची जी झीज होते ती वर्षांच्या मापाने होते. झीज चार वर्षं उशिरा सुरू झाली, तर पंचाहत्तरीत वर्तमानपत्र वाचता येणं आणि न येणं एवढा फरक पडू शकतो. रोजच्या काळजीचा मोबदला याच नाण्यात मिळतो असं माझं मत आहे: संकट टळत नाही, पुढे ढकललं जातं. आणि पुढे ढकलणं पुरेसं असतं.

निकाल लगेच दिसला नाही, हेही नोंदवायला हवं. वीस वर्षांनंतरही हृदयविकाराच्या मृत्यूंमध्ये दोन्ही बाजूंत ठोस फरक सिद्ध झाला नव्हता. तो तेविसाव्या वर्षी दिसला: नेहमीच्या सल्ल्याच्या गटात १९.६ टक्के, दुसरीकडे ११.९ टक्के. तोही मुख्यतः स्त्रियांमध्ये. पुरुषांचा आकडा जवळजवळ हलला नव्हता, आणि त्यांच्यातलं धूम्रपान हे त्याचं एक संभाव्य कारण मानलं गेलं. रोज वीस मिनिटं झपझप चालून परत येताना टपरीवर सिगारेट पेटवणाऱ्यांनी यावरून काय ते समजावं.

रोजच का?

आठवड्याचं सगळं चालणं रविवारी सिंहगडावर उरकून टाकलं तर चालणार नाही का, हा प्रश्न पुण्यात तरी हमखास येतो. सिंहगड चढणं उत्तमच, पण स्नायूंचं गणित थोडं वेगळं आहे. चालताना स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते इन्शुलिनची फारशी वाट न पाहता रक्तातली साखर आत ओढतात. चालणं थांबल्यावरही काही काळ त्यांची इन्शुलिनला दाद देण्याची क्षमता वाढलेली राहते, पण हा परिणाम एक-दोन दिवसांत ओसरतो. म्हणूनच मधुमेहींना सलग दोन दिवसांहून जास्त खाडा करू नका असं सांगितलं जातं. दाचिंगचं युनिट दिवसाचं होतं, आठवड्याचं नव्हतं, हे यात नेमकं बसतं.

पण मग १९९२ ला संपलेल्या पथ्याचा फायदा २०१६ पर्यंत कसा पोचला? दोन शक्यता आहेत. एक, सवय लोकांच्या अंगवळणी पडली आणि सल्ला थांबल्यावरही चालू राहिली. दुसरी, त्या सहा वर्षांत साखर कमी राहिली आणि रक्तवाहिन्यांचं नुकसान तेवढं वाचलं, ते कायमचं वाचलं. उपलब्ध नोंदींवरून या दोन्हींची चोख वाटणी करता येत नाही. दोन्ही थोड्या थोड्या खऱ्या असाव्यात असं मला वाटतं.

आपल्या मातीत

चिनी शहरातला निष्कर्ष आपल्याला लागू पडेल का, ही शंका रास्त आहे. त्याचं बरंचसं उत्तर चेन्नईहून आलं. डॉ. ए. रामचंद्रन यांच्या चमूने बॉर्डरलाइन साखरेच्या ५३१ भारतीयांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत नेहमीच्या सल्ल्यावर राहिलेल्या ५५ टक्क्यांना डायबेटिस झाला, रोज अर्धा तास झपझप चालणं आणि बेताचा आहार सांभाळणाऱ्यांत ३९.३ टक्क्यांना. साखर कमी करणाऱ्या मेटफॉर्मिनच्या गोळीनेही जवळपास तेवढाच फायदा झाला, आणि गोळी व पथ्य एकत्र केल्याने आणखी काही वाढलं नाही. विशेष म्हणजे या लोकांचं वजन म्हणावं तसं उतरलं नव्हतं, तरी फायदा झाला. वजनकाट्याकडे बघून "काही उपयोग नाही" म्हणत बूट कपाटात टाकणाऱ्यांसाठी ही महत्त्वाची बातमी आहे.

दुसरा धागा पुण्याचा. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वरून सडपातळ, आतून चरबीदार, ही आपल्याकडची ठेवण त्या एका फोटोने जगाला समजावली. 'मी कुठे जाडा आहे?' या समाधानात आपण राहू नये ते यासाठी. सडपातळ लोकांनाही फायदा झाल्याची दाचिंगची नोंद आपल्या दृष्टीने म्हणूनच मोलाची. देशात अशा उंबरठ्यावरच्या लोकांची संख्या १३.६ कोटी असल्याचा अंदाज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२३ मधल्या अहवालात आहे. प्रत्यक्ष मधुमेही १०.१ कोटी. म्हणजे दारात उभे असलेले आत असलेल्यांहून जास्त.

दाचिंगच्या मर्यादाही आहेत. नेहमीच्या सल्ल्याच्या गटात जेमतेम १३८ माणसं होती. त्या काळी उपाशीपोटीची साखर १४० पर्यंत गेली तरी डायबेटिस म्हणत नसत, ती रेषा १९९७ नंतर १२६ वर आली. म्हणजे त्यातले काही जण आजच्या मापाने आधीच मधुमेही होते. तरीही तीस वर्षांनी ९४ टक्के सहभागींचा ठावठिकाणा लागणं ही गोष्ट कुठल्याही देशात दुर्मीळ.

भेटींचं वेळापत्रक

शेवटी ज्याकडे कोणी बघत नाही ते बघू. दाचिंगमध्ये डॉक्टर प्रत्येकाशी स्वतंत्र बोलले, आणि शिवाय छोट्या गटांत बैठका झाल्या. पहिला महिना दर आठवड्याला, पुढचे तीन महिने महिन्यातून एकदा, आणि त्यानंतर सहा वर्षं संपेपर्यंत तीन महिन्यांतून एकदा. सगळ्या मिळून तीसेक बैठका होतात. सुरुवातीला दाट, मग विरळ, पण बंद कधीच नाही. इच्छाशक्तीच्या गप्पा मारणाऱ्यांनी हे वेळापत्रक भिंतीला लावावं. त्या ५७७ जणांत उपजत निग्रह जास्त होता असं मानायला काहीच आधार नाही. त्यांना तीन महिन्यांनी कोणीतरी विचारणार होतं, एवढं मात्र पक्कं होतं.

आपल्याकडे तिशीपुढच्यांची तपासणी सरकारी कार्यक्रमात होते, आशाताई घरी येऊन फॉर्म भरतात, शिबिरात बोटातून रक्त घेतलं जातं. ज्याला डायबेटिस निघतो त्याच्या गोळ्या सुरू होतात आणि गोळ्या संपल्या की तो परत येतो. जो १५५ वर आहे त्याच्याकडे परत येण्याचं कारणच नसतं. त्याने ते स्वतः तयार करावं लागतं: डॉक्टरांकडून निघतानाच तीन महिन्यांनंतरची तारीख फाइलवर लिहून घ्यायची, आणि तोवर रोजचं युनिट भरलं की नाही याची खूण स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी करत राहायची. सोसायटीत आणखी दोघं-तिघं बॉर्डरवाले निघतातच. त्यांना गाठलं तर तिमाही बैठकीला दवाखान्याचीही गरज पडत नाही. वर्षातून एकदा साखर मात्र प्रयोगशाळेतच तपासायची.